मांडव मी टाकेल शे

इंदुजिजींचं बोलणं सभेच्या इतिवृत्तात कसं लिहायचं, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. मी आमच्या नगरपालिकेत सभा विभागात लिपिक होते. सभागृहात कोण काय बोललं ते ऐकायचं आणि सभ्य मराठीत उतरवायचं, हे माझं काम. बाकीचे सदस्य सभेला आले की घरची अहिराणी चपलांसारखी बाहेर काढून ठेवत आणि "सदर विषयास माझी मान्यता आहे" अशा चालीत बोलत. जिजी जशा अंगणात तशाच सभागृहात. "ओ साहेब, त्या गटारमा उतरी देखा एक डाव, मंग सांगा नाकले रुमाल लावाले लागस का नही!" असं त्या मुख्याधिकाऱ्यांना म्हणाल्या, की मी लिहायची, 'मा. सदस्यांनी प्रत्यक्ष स्थळपाहणीची विनंती केली.' एकदा बांधकाम सभापतींना म्हणाल्या, "तुमना रस्तावरथीन मन्हा टेम्पो चालना, का मांगली भांडी भजन कराले लागतस." मी लिहिलं, 'रस्त्याच्या दर्जाबाबत सविस्तर चर्चा झाली.' लिहिताना मला इतकं हसू यायचं की शेजारच्या टेबलावरचे लेखापाल विचारायचे, "मॅडम, इतिवृत्त लिहिताय की लग्नाची मजा सांगताय?"

लग्नाचा संबंध होताच म्हणा. जिजींचा धंदा मंडपाचा. गावाबाहेर त्यांचं मोठं आवार होतं. तिथे बांबू, कनाती, प्लास्टिकच्या खुर्च्या, गाद्यांचे ढीग, आणि आत माणूस बसून आंघोळ करेल एवढाल्या कढया. बुटक्या, गोल, पदर कमरेला खोचलेल्या जिजी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून कामावर जायच्या. त्यांचे यजमान भिकनअण्णा अगदी शांत. कार्य उरकलं की झारे, पळ्या, वाट्या परत आल्या का ते बघणं हेच त्यांचं विश्व. जिजी दिवसभर बोलायच्या आणि अण्णा दिवसभर ऐकायचे. मधेच जिजींनी एखादा विनोद केला की अण्णांचे खांदे हलायचे. ते अण्णांचं हसणं.

बांबूच्या टोकावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगण्यात आयुष्य गेलेलं. हळू बोलणं हा प्रकार जिजींकडे नव्हताच. एकदा त्या माझ्या टेबलाशी आल्या, वाकल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानात एक गुपित सांगितलं. पलीकडच्या खोलीतून शिपाई धावत आला आणि म्हणाला, "अभिनंदन जिजी! पुतण्याचं कुठे ठरलं?"

त्या राजकारणात आल्या त्या मगनआप्पांमुळे. आप्पा म्हणजे आमच्या पालिकेतले सगळ्यात जुने सदस्य. पांढरी टोपी, पांढरे बूट, आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. जिजींचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा आप्पांना घराघरात ओळख असलेली आणि सांगू तिथे हात वर करणारी बाई हवी होती. पहिली अट जिजी पूर्ण करत होत्या. दुसरीची चौकशी करायचं आप्पा विसरले.

पहिल्याच सभेत ते कळलं. आमच्याकडे त्या वेळी रीत अशी होती, की नगरसेविका सभेला आल्या की मागच्या रांगेत बसायच्या आणि त्यांचे नवरे त्यांच्याशेजारी बसून बोलायचे. जिजी दारात उभ्या राहिल्या. पंगतीवरून फिरवावी तशी सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली.

"मी मांडववाली शे," त्या म्हणाल्या. "वऱ्हाडी कोन आणि बिगर बलायेल कोन, ते माले दूरथीन समजस. ओ दादा, तुम्ही निवडी येल शेतस का?"

रेखाताईंचे यजमान गडबडले. "नाही, पण आमच्या यांना..."

"मंग उठा. पाव्हणास्ले चहा बाहेर भेटी."

नवरे एकेक करून उठले. शेवटचा उठला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. मी वर पाहिलं. रेखाताईच होत्या. 'सभागृहातील आसनव्यवस्थेत बदल करण्यात आला,' मी लिहिलं.

जिजींचं एक वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. "मांडव मी टाकेल शे." म्हणजे मांडव मी टाकलेला आहे. गावातल्या निम्म्या जोडप्यांच्या लग्नात जिजींचा मांडव होता आणि जिजींच्या मते मांडववाल्याची जबाबदारी बांबू उपटले की संपत नव्हती. रस्त्यात एखादं जोडपं दिसलं की टेम्पो थांबायचा. "काय रे, बरं चाली ऱ्हायनं ना? मांडव मी टाकेल शे, ध्यानमा ठेव!" नवरा लाजायचा, बायको हसायची, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. बायको हसली नाही तर मात्र जिजी टेम्पोतून खाली उतरायच्या.

वैशाली हसली नाही.

वैशालीचा नवरा खाजगी क्लास चालवायचा. गोड बोलणारा, पोरांच्या आईबापांत मान असलेला. गावात सगळे त्याला 'सर' म्हणत. एका बारशात जिजींनी वैशालीला पाहिलं. भर उन्हाळ्यात, मनगटापर्यंत बाह्या. "हात कसाले झाकेल शे?" जिजींनी विचारलं. न्हाणीत पाय घसरला, असं वैशाली म्हणाली. दुसऱ्या दिवशी जिजी पालिकेत आल्या आणि माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. चहा निवून गेला. "पाय घसरी गया, आणि लागनं हातले," एवढंच म्हणाल्या. न हसता बसलेल्या जिजी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी कसल्याशा सहीसाठी त्यांच्या आवारात गेले होते. तेवढ्यात वैशालीच्या शेजारणीचा फोन आला. जिजींनी फोन ठेवला आणि बांबूवाल्यांना हाक मारली. "खुर्च्या भरा. कनात घ्या. पोरी, तू बी बठ."

टेम्पो सरांच्या गल्लीत शिरला. घराचं दार बंद होतं आणि आतून आवाज येत होता. जिजींनी दार वाजवलं नाही. त्यांनी गल्लीत मांडव टाकायला सुरुवात केली. चार बांबू, वर कापड, आणि खाली दाराकडे तोंड करून खुर्च्यांच्या रांगा. बांबूंची ठकठक ऐकून गल्लीतल्या बाया बाहेर आल्या.

"कसाना कार्यक्रम शे वं?"

"बठा, बठा. समजी."

बाया बसल्या. एक म्हातारी पहिल्या रांगेत येऊन बसली, पदर सारखा केला आणि विचारलं, "जेवण शे का?"

"नही माय, आज नुसता चहा."

कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा आला. सगळ्या बाया चहा पीत त्या बंद दाराकडे बघत बसल्या. आतला आवाज थांबला. थोड्या वेळाने दार उघडून सर बाहेर आले. पुढे पाहतात तो भरलेला मांडव.

"जिजी, हे काय चाललंय?"

"मांडव टाकी ऱ्हायनू."

"कोणाचा कार्यक्रम?"

"तुमनाच. तुमनं लगीन व्हयनं तव्हय मांडव मी टाकेल शे. तव्हय सर्वा गावले बलायं व्हतं ना? मंग आते जे चाली ऱ्हायनं, ते बी देखू द्या गावले."

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"ते खरं," पहिल्या रांगेतली म्हातारी म्हणाली. "पन आवाज आमना घरमा येस ना, भाऊ."

खुर्च्यांमधून हशा उठला. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं, पण चहा पिणाऱ्या बायांना काय सांगणार? तेवढ्यात त्यांच्यामागे दारात वैशाली दिसली. ओठ सुजलेला. हशा जागीच थांबला. जिजी उठल्या, सरांच्या बाजूने अशा गेल्या की जणू ते तिथे नव्हतेच, आणि हात पुढे केला. "चाल माय."

वैशाली अनवाणीच बाहेर आली. गल्लीतलं डांबर तापलेलं होतं. म्हातारीने पायातल्या चपला काढल्या, पायानेच तिच्याकडे सरकवल्या आणि म्हणाली, "घाल. मन्हं घर तठेच शे."

मग जिजी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या, तिथून दवाखान्यात, आणि दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकारी बाईंकडे. सगळं कायद्याने झालं. पण मधल्या त्या एका रात्री वैशालीने झोपायचं कुठे? माहेर दूर सातपुड्याच्या पायथ्याला, आणि तिथे आई एकटी. जिल्ह्याच्या ठिकाणचं निवारागृह भरलेलं. जिजींच्या घरी पाव्हणे. शेवटी तिची झोपायची सोय जिजींच्या गोदामात झाली.

सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा आत जरीच्या कनाती, नवरानवरीच्या सिंहासनाच्या खुर्च्या आणि 'शुभविवाह' लिहिलेली पाटी यांच्यामधे गाद्यांच्या ढिगावर वैशाली बसली होती. समोर भिकनअण्णा. त्यांनी तिच्यासाठी चहा आणला होता आणि बोलायला काही न सुचल्यामुळे तिला सगळ्या प्रकारचे झारे दाखवत होते. हा बुंदीचा, हा शेवेचा, हा पुऱ्यांचा. वैशाली प्रत्येक झाऱ्याला गंभीरपणे मान डोलवत होती. जिजी दारात आल्या, हे दृश्य पाहिलं आणि कढईवर हात टेकून इतक्या हसल्या की वैशालीलाही हसू आलं. ओठ दुखत होता, म्हणून तिने तोंडावर हात धरला आणि तशीच हसत राहिली.

बाहेर आल्यावर जिजी मला म्हणाल्या, "लगीन मोडीसन उनी ती, आणि मी तिले लगीनन्या गाद्यास्वर झोपाडं. बरं नही वाटनं माले."

मी विचारलं, "जिजी, तुमचा काही अनुभव... म्हणजे तुमच्या घरी कधी..."

"मन्हा घरमा?" त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा झारे पुसून परत लावत होते. "मन्हा नवरा ते देवमाणूस शे. मी घरमा पोटभर हसस. सर्वा बायास्ले घरमा हसता येवाले पाह्यजे. एवढंच मन्हं राजकारण शे."

पुढच्या सर्वसाधारण सभेत एक मोठा विषय होता. प्रकाशा गावाकडच्या रस्त्याने आमच्या गावात शिरताना एक भव्य स्वागत कमान. मगनआप्पांचं जुनं स्वप्न. जिजींनी त्याच निधीवर आपला विषय ठेवला. पालिकेची वापरात नसलेली जुनी निवासस्थानं दुरुस्त करून घरातून बाहेर पडावं लागलेल्या बायकांसाठी तात्पुरता निवारा. दोन खोल्या, न्हाणी, चूल आणि आतून लागणारी भक्कम कडी. हे 'आतून लागणारी' त्यांनी मला दोनदा अधोरेखित करायला लावलं.

आप्पांनी घसा खाकरला. "कमान ही शहराची शान आहे. नवरा-बायकोच्या भांडणात नगरपालिकेने पडू नये. तो ज्याच्या त्याच्या घरातला विषय आहे."

"नळ घरमा जास," जिजी उठून म्हणाल्या. "घरपट्टीनं बिल घरमा जास. मच्छरना धूर घरमा जास. तव्हय नगरपालिका घरमा येस. बाईले मार पडस, तव्हयच कशी तुम्हले उंबरठानी लाज वाटस? कमान पाव्हणास्करता शे, आप्पा. गावनी आंडेर, गावनी लेक, रडत निंघनी, ते तिले दार कोठे शे?"

मी पेन खाली ठेवलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मतदान हात वर करून होणार होतं आणि खरी अडचण तिथेच होती. बाहेर काढलेले नवरे व्हरांड्यात खिडक्यांशी उभे राहून क्रिकेटच्या पंचांसारख्या खुणा करायचे. हात खाली म्हणजे नको, टोपी सारखी केली म्हणजे होय. त्या दिवशी एकजात सगळे हात खाली दाखवत होते. रेखाताई आणि इतर बाया मान खाली घालून बसलेल्या.

"अध्यक्ष महाराज," जिजी म्हणाल्या, "ऊन फार लागी ऱ्हायनं." आणि दाराकडे वळून हाक मारली. त्यांचे बांबूवाले तयारच होते. बघता बघता बाहेरून सगळ्या खिडक्यांवर लाल-पिवळी कनात चढली. सभागृहात लग्नघराचा उजेड पसरला. कनातीवर नवऱ्यांच्या सावल्या इकडून तिकडे धावताना दिसत होत्या.

"अनुकूल असलेल्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले.

जिजींचा हात वर गेला. आणखी कोणाचा नाही. तेवढ्यात कनातीमागून खोकला आला. साधासुधा नाही, अर्थ असलेला. रेखाताईंनी तो ओळखला, त्यांची मान आणखी खाली गेली. खोकला पुन्हा आला, जास्त जोरात. मग दुसऱ्या खिडकीतून दुसरा, तिसरीतून तिसरा.

"ओ माय वं!" जिजी म्हणाल्या. "गावमा साथ उनी! आरोग्य सभापती कोठे शेत? सर्वास्ले दवाखानामा धाडा!"

पहिल्या फुटल्या त्या रेखाताई. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. डोळे पुसायला हात वर नेला आणि डोळे पुसून झाल्यावर तो हात तसाच वर ठेवला. सरळ, ताठ. शेजारच्या दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचेही हात वर गेले. मग मागची सगळी रांग. मग पुरुषांतले काही जण, हसू दाबत. शेवटी आप्पांनी हातांचा अंदाज घेतला, घसा खाकरला, आपणही कनातीमागचेच वाटू की काय या भीतीने पटकन थांबले, आणि हात वर केला.

'विषय बहुमताने मंजूर. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' हे वाक्य मी नोकरीत पुष्कळदा लिहिलं, पण ते खरं ठरलं तेवढ्याच वेळी.

गंमत पुढेच होती. खोल्या तयार झाल्या. जिजींनी उद्घाटनासाठी बॅंड ठरवला, कर्णे काढून ठेवले, जिलबीचा आचारी सांगून ठेवला. आणि संरक्षण अधिकारी बाई आल्या. शांतपणे म्हणाल्या, "जिजी, या जागेला पाटी लावता येणार नाही. उद्घाटन नको, फोटो नकोत. नवऱ्यांना जागा कळली तर उपयोग काय?"

गावातला सगळ्यात मोठा आवाज ज्यांचा, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही! जिजी खोल्यांत गेल्या, पायरीवर बसल्या, कडी आतून लावून पाहिली, काढून पाहिली. मग बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर शे बाई तुमनं." आणि आश्चर्य म्हणजे ते त्या खरोखर हळू बोलल्या. मी शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

पण पालिकेत कल्लोळ झाला. निधी द्यायचा आणि कोनशिलेवर नाव नाही? असं कधी झालं होतं का? आप्पा तर आजारी पडल्यासारखे दिसायला लागले. जिजींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी प्रकाशा रस्त्यावर सकाळपासून त्यांचे बांबू पडायला लागले. संध्याकाळपर्यंत कमान उभी. कापडाची, पण केवढी! झालरी, झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना थर्माकोलचे हत्ती, आणि वर दिव्यांच्या अक्षरांत यच्चयावत सदस्यांची नावं. सगळ्यात वर, सगळ्यात मोठं, मगनआप्पांचं.

"नावं कमानवर," जिजी म्हणाल्या, "बाया खोलीमा. व्हयना हिशोब."

आप्पा सहकुटुंब येऊन कमानीखाली फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना घेऊन पुन्हा आले. पुढे वाऱ्यात एक हत्ती कलला आणि ब्राह्मणपुरीकडून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागून पळत सुटला, एका शेळीने खालच्या माळा खाल्ल्या, आणि आप्पांच्या नावातला 'म' विझून नुसतंच 'गनआप्पा' राहिलं. जिजींनी स्वतः शिडीवर चढून तो दिवा बदलला.

खोल्या कुठे आहेत, ते मी इथेही लिहिणार नाही. त्या भरतात, रिकाम्या होतात, पुन्हा भरतात. काही बाया परत घरी गेल्या, काही गेल्या नाहीत. वैशाली जिल्ह्याच्या निवारागृहातून येऊन तिथे पहिली राहिली, मग आईकडे गेली, एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचं जिजींना ठाऊक असणार. पण त्या विषयावर त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कोन वैशाली?" आणि इतक्या निरागसपणे पाहिलं की मलाच वाटलं, अशी कोणी नसावीच.

पुढे पालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, सभागृहाला कुलूप लागलं. माझीही बदली झाली. जिजी पुन्हा पूर्णवेळ मांडवाच्या झाल्या.

गेल्या श्रावणात मी कानबाईला रनाळ्याला, माहेरी गेले होते. आमच्या खानदेशात कानबाई बसते तेव्हा सगळे भाऊबंद घरी येतात, प्रसादाचे रोट भाजले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीला नेतात. आमची मिरवणूक वळणावर आली तर समोरून जिजींच्या नातलगांची. दोन्ही बॅंड एकमेकांत मिसळले आणि कोणाला काही ऐकू येईना. जिजी पुढे नाचत होत्या. पदर खोचलेला, कपाळभर हळद, फुगडीसाठी हात पसरलेले. मला पाहून त्या ओरडल्या, त्या गोंगाटातही ते मला स्वच्छ ऐकू आलं. "पोरी! ये, ये!"

त्यांच्याबरोबर एक बाई नाचत होती. हिरव्या साडीतली, अर्ध्या बाह्यांचं पोलकं, उघड्या हातांवर बांगड्या. ती हसत वळली आणि मी थबकले. तिनेही मला ओळखलं असावं, क्षणभर ती थांबली.

"जिजी," मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं, "ही ती...?"

"माले काय माहीत वं?" जिजी म्हणाल्या. "कोनी बी राही. कानबाईनी मिरवणूक शे, सर्वा गाव येल शे. तू नाच!"

आणि त्यांनी त्या बाईचे दोन्ही हात धरले, पाय जुळवले, अंग मागे टाकलं आणि फुगडी धरली. बॅंडवाल्याने चाल वाढवली. बाया मागे सरल्या, मीही सरले. गोल गोल फिरताना दोघींचे चेहरे ओळखू येईनासे झाले. कोणतं हसू कोणाचं, तेही.